समुद्र नसलेल्या मुलखाचं पुस्तक कसं बांधावं?

प्रश्न असा आला आहे: "मी परभणी जिल्ह्यात भूगोल शिकवतो. सुट्ट्यांमध्ये फिरून मराठवाड्यातल्या बारवा, नहरी, किल्ल्यांतल्या पाण्याच्या सोयी, जुने बंधारे यांचे फोटो आणि नोंदी जमवल्या आहेत. पुस्तक लिहायला घेतलं, पण प्रत्येक प्रकरण गॅझेटियरमधल्या नोंदीसारखं होतंय. मांडणी जिल्हानिहाय करू की कालक्रमानं? शिवाय तेर आणि पैठणचा परदेशी व्यापार यात घ्यायचा आहे. मित्र म्हणतात, आपल्याकडं समुद्रच नाही, तो भाग ओढूनताणून वाटेल."

दोन्ही मांडण्या सोडा. जिल्हानिहाय केलंत तर यादी होईल. कालक्रमानं केलंत तर राजघराण्यांचा इतिहास होईल आणि पाणी तळटीपेत जाऊन बसेल. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि आता अशाच पुस्तकांचं संपादन करतो. हाती येणाऱ्या बहुतेक हस्तलिखितांचं पहिलं पान एखाद्या सुलतानाच्या नावानं उघडतं, आणि शेवटच्या पानापर्यंत हे कळत नाही की पाणी आलं कुठून, गेलं कुठं आणि कशाच्या जोरावर. बांधणाऱ्यासमोर पहिली अडचण जमिनीची होती. उतार किती, खडक कसला, माती पाणी धरते की सोडते? त्या अडचणीतून जी वास्तू उभी राहिली तिच्याबद्दल लिहायचं तर आधी अडचण सांगावी लागते. राजाचं नाव चौथ्या-पाचव्या परिच्छेदात आलं तरी राजाचं काही बिघडत नाही.

म्हणून पहिलं प्रकरण खडकाचं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरत गेले आणि आपला दख्खन तयार झाला, एवढं शाळेच्या पुस्तकातही असतं. तुम्ही त्यापुढं जा. प्रत्येक थराचा स्वभाव वेगळा. खालचा घट्ट काळा पाषाण, त्याच्या वरच्या अंगाला वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला भाग, आणि दोन थरांच्या मधे बऱ्याच ठिकाणी लालसर मातीचा पट्टा. घट्ट पाषाणात पाणी साठत नाही, फक्त सांध्यांतून आणि भेगांतून फिरतं. वरच्या झिजलेल्या, मुरमाड भागात ते साठतं. एका शेतातल्या विहिरीला बारमाही पाणी आणि बांधापलीकडच्या विहिरीत डिसेंबरलाच दगड, याचं कारण इथं सापडतं. वेरूळचं कैलास लेणं ८व्या शतकात माथ्याकडून खाली कोरत आणता आलं ते याच खडकाच्या जाड, सलग थरामुळं. देवगिरीचा खंदक त्याच जातीच्या दगडात उभा कापलाय. विहीर, लेणं आणि खंदक ही तीन वेगळी प्रकरणं वाटतात, पण दगड एकच आहे. वाचकाला हा दगड एकदा नीट ओळखीचा झाला की पुढचं अर्धं पुस्तक त्याला तुम्ही समजावून सांगायची गरज उरत नाही.

याच खडकाची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, तेरच्या प्रकरणात ती लागणार आहे. लाव्ह्यातल्या पोकळ्यांमध्ये पुढं अकीक, गारगोटी, स्फटिक साठत गेले. नांगरताना फाळाला लागणारे, शेतकरी बांधावर फेकून देतो ते गोळे.

आता नहरी, म्हणजे शहराला पाणी आणणाऱ्या बांधीव वाहिन्या. छत्रपती संभाजीनगरबद्दल लिहिणारे हमखास एक घोटाळा करतात: मलिक अंबरची नहर आणि पाणचक्कीची नहर एकच समजतात. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली १६१० मध्ये; तो वारला १६२६ मध्ये. नहर-ए-अंबरी त्या दरम्यानची. पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी जोडलेली, बरीच नंतरची, आणि तिला पाणी आणणारी वाहिनी स्वतंत्र आहे. अंबरच्या नहरीचं मर्म नदीच्या पात्राखाली आहे. शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूला, वाळू-गोट्यांतून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बांधीव वाहिनीत गोळा करायचं आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचं. वाटेत ठिकठिकाणी मनोऱ्यासारखे उंच खांब दिसतात. अडकलेली हवा बाहेर पडावी आणि पाण्याचा दाब आवाक्यात राहावा म्हणून ते बांधले. एकाही पंपाशिवाय चालणारी ही व्यवस्था कागदावर दाखवायची तर फोटो निरुपयोगी आहे, कारण सगळं काम जमिनीखाली चाललेलं असतं. इथं उभा छेद हवा. डावीकडं उगम, उजवीकडं चौकातला हौद, मधे खांब, आणि खाली प्रत्येक टप्प्याची उंची. असा एक छेद दहा रंगीत पानांचं काम करतो, आणि छपाईचा खर्चही वाचतो.

फोटोंबद्दल एकदाच बोलून घेतो. तुमच्याकडं भरपूर असणार. पुस्तकात फार थोडे घ्या. ड्रोनचे फोटो सध्या सगळ्यांकडं आहेत, आणि वरून पाहिलेली प्रत्येक बारव सारखीच देखणी दिसते. तिच्यात उतरल्यावर जे कळतं ते त्यात नसतं.

वालूरच्या बारवेचं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. सेलू तालुक्यातली ही बारव चक्राकार आहे, पायऱ्या गोल फिरत तळाकडं जातात. लोक तिथं जाऊन 'अद्भुत' म्हणून परत येतात. तुम्ही टेप घेऊन उतरा. एका पायरीची उंची किती, रुंदी किती, डोक्यावर घागर घेतलेल्या बाईला वळणावर भिंतीचा आधार कुठं मिळतो, पाणी वर असताना कुठल्या पायरीवर बसून धुणं होत असेल? बारव दोनदा पाहावी: एकदा वैशाखात तळ उघडा पडल्यावर, एकदा भाद्रपद उलटल्यावर पाणी चढलेलं असताना. दोन्ही वेळच्या पाण्याच्या खुणांत किती पायऱ्यांचा फरक पडतो, तो आकडा म्हणजे त्या गावच्या भूजलाची नोंद आहे, आणि ती तुमच्याशिवाय कुणाकडं नसणार. चारठाण्याची बारवही याच पद्धतीनं मोजा. मोटेच्या विहिरींचं, म्हणजे बैलांनी चामडी पोहरा ओढून पाणी काढायच्या विहिरींचं, प्रकरण करणार असाल तर धाव (बैल चालायचा उतार) आणि थारोळं (मोटेचं पाणी पडायचं कुंड) अजून शाबूत आहेत अशी एक तरी विहीर शोधा आणि मोट हाकलेला म्हातारा माणूस शोधा. ही माणसं आता झपाट्यानं कमी होताहेत, त्यामुळं दगडाआधी त्यांच्याकडं जा.

उंची मोजायला मोबाइलवर विसंबू नका, उभ्या मोजमापात तो कित्येक मीटरची फसवणूक करतो. ओळखीच्या ठेकेदाराकडून एखाद्या दिवसासाठी लेव्हल यंत्र मिळतं. नाहीच मिळालं तर गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घ्या, छोट्या अंतराला ती पुरते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटपैकी आपला बहुतेक भाग ४७ आणि ५६ या मालिकांमध्ये येतो, ७६ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ४७ आणि पूर्वेला ५६. म्हणजे बीड एकीकडं, परभणी आणि नांदेड दुसरीकडं. १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा पाहून नहरीचा मार्ग आधी घरी बसून आखा आणि मग रानात जा. बऱ्याचदा फुटलेली वाहिनी तिथंच सापडते जिथं रेषा सांगते.

नळदुर्गला जरा जास्त पानं द्या. बोरी नदीवर किल्ला आणि रणमंडळ हा त्याचा जोडकिल्ला यांच्या मधे घातलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल, हे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १७व्या शतकाच्या सुरुवातीचं काम. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आतल्या दालनात उभा असलेला माणूस कोरडा राहतो, हे सगळे लिहितात. धरणवाल्याच्या डोक्यात मात्र दुसराच प्रश्न येतो. दगडी धरण स्वतःच्या वजनावर पाण्याचा रेटा अडवतं. त्याच्या पोटात खोल्या ठेवल्या म्हणजे वजन कमी केलं. मग तेवढं वजन कुठं भरून काढलं? भिंत किती जाड ठेवली, पाया कुठल्या खडकात नेला, पुराचं पाणी दोन ठरावीक जागांवरूनच का सोडलं आणि ते पडतं तिथला तळ झिजला का? तिथं उभं राहून हे प्रश्न वहीत उतरवा आणि मिळतील तेवढी मापं घ्या. वाचकाला उत्तराइतकंच मापणाऱ्याचं कुतूहल आवडतं. फारसी शिलालेखाचं वाचन मात्र गाइडकडून ऐकलेलं छापू नका, जाणकाराकडून करून घ्या. हिजरी साल चांद्र असल्यानं ते इसवी सनात बदलताना बहुधा दोन सालांवर पडतं; महिना ठाऊक नसेल तर दोन्ही सालं जोडून लिहा.

आता तुमच्या मित्रांचा आक्षेप. ते चुकताहेत. तेरचं प्रकरण तुमच्या पुस्तकातलं सगळ्यात दमदार प्रकरण होऊ शकतं, फक्त ते बंदरावरून लिहायचं नाही, गाडीवाटेवरून लिहायचं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषी व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' हे तांबड्या समुद्रापासून हिंदी महासागरापर्यंतच्या व्यापाराचं वर्णन आहे. त्यात बॅरिगाझा, म्हणजे भडोच, या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं शहर असल्याचं सांगितलंय. पैठणहून अकीक-गोमेदाच्या जातीचे दगड मोठ्या प्रमाणात, तगरहून साधं कापड, मलमलीचे प्रकार आणि इतर माल, आणि हे सगळं गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदरावर आणलं जातं. तगर म्हणजे तेरणेकाठचं आपलं तेर, ही ओळख शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये पटवून दिली.

आता तुमच्या पहिल्या प्रकरणातला खडक इथं आणा. पैठणहून जाणारे ते दगड कुठले? लाव्ह्याच्या पोकळ्यांत तयार झालेले. तगरचं कापड कशाचं? काळ्या मातीतल्या कापसाचं, आणि ती माती त्याच खडकाची झीज. भडोचला जहाजात चढणाऱ्या मालातला मोठा वाटा आपल्या पायाखालून गेलेला होता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेळापत्रकाची. इजिप्तहून निघणारी जहाजं जुलैच्या सुमारास सुटत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर इकडं येत. तोच वारा आपल्याकडं पाऊस आणतो, आणि त्या पावसात काळ्या रानातून भरलेली बैलगाडी हलत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. जहाज समुद्रावर धावत असताना गाडी चिखलात खोळंबलेली. पाऊस उघडून वाट वाळली की गाड्या निघायच्या आणि परतीचा ईशान्येचा वारा सुटून जहाजं वळायच्या आत भडोच गाठायचं. भडोचच्या खाडीत भरती-ओहोटी इतकी दगाबाज होती की परक्या जहाजांना आत आणायला राजाच्या चाकरीतले कोळी होड्या घेऊन समोर जात, हेही त्याच ग्रंथात आहे. एक टोक नर्मदेच्या मुखाशी कोळ्याच्या हातात, दुसरं टोक तेरणेकाठी गाडीवानाच्या हातात. असं लिहा आणि मग सांगा कुणाला हे ओढूनताणून वाटतं का.

तेरमध्ये लामतुरे संग्रहालय आहे, तिथं एक अख्खा दिवस काढा. हस्तिदंती बाहुली, मण्यांचे प्रकार, भाजक्या मातीच्या मूर्ती पाहा. त्रिविक्रम मंदिराची गजपृष्ठाकार, म्हणजे मागून हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार, विटांची वास्तू मोजा. वर्णनात 'रोमशी थेट संबंध' असली वाक्यं सैल सोडू नका. रोमन धाटणीची वस्तू सापडणं वेगळं आणि रोमन माणूस इथं येणं वेगळं.

याच पट्ट्यात तुम्हाला आणखी एक प्रकरण फुकट मिळतं आणि ते बहुतेकांना दिसत नाही. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेला. रूळ अडीच फुटी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरचा आग्रह असा की इंजिन असो की डबा, प्रत्येक आसावर येणारं वजन पाच टनांच्या वर जाता कामा नये. भार सारखा वाटला तर हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. दोन हजार वर्षांपूर्वी गाडीवानापुढं जो प्रश्न होता, म्हणजे या मुलखातून ओझं बाहेर कसं काढायचं, त्याचंच हे रेल्वेच्या काळातलं उत्तर. पुढं मार्ग ब्रॉडगेज झाला. आणि एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ती याच मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–लातूर वाटेनं. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. माल बाहेर नेण्यासाठी घातलेल्या वाटेवरून पाणी आत आलं. यावर भाष्य करू नका, दोन्ही नोंदी शेजारी ठेवा.

जायकवाडी टाळता येणार नाही, पण तिथं प्रशस्तीचा आणि तक्रारीचा असे दोन्ही मोह आवरा. मूळ जागा बीड जिल्ह्यात जायकवाडी गावाजवळ धरली होती, धरण झालं पैठणला, नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. मातीची भिंत सुमारे १० किलोमीटर लांब आणि उंची जेमतेम ४१ मीटर. ही प्रमाणं वाचकासमोर नळदुर्गच्या शेजारी मांडा. नळदुर्गला नदी चिंचोळ्या जागेतून जाते, म्हणून छोटी भिंत पुरली. गोदावरी पैठणला सपाट मैदानात पसरलेली; इथं भिंत लांबवावी लागली आणि तलाव पसरट, उथळ झाला. उथळ तलावातून उन्हाळ्यात केवढं पाणी वाफ होऊन जातं हे लाभक्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि कालव्याचं अस्तर उखडते. म्हणून अस्तराखाली न फुगणाऱ्या मुरमाचा थर द्यावा लागतो. हा खर्च, ही दुरुस्ती, शेवटच्या चारीपर्यंत न पोचणारं आवर्तन, आणि वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा दरवर्षीचा वाद, ज्याला २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या कलमाचा आधार आहे, हे सगळं एका उताराची आणि एका मातीची गोष्ट म्हणून येऊ द्या. बुडीत गावांतल्या लोकांशी बोला. त्यांच्या आठवणीत गावाचा नकाशा अजून जसाच्या तसा असतो: पार कुठं, घाट कुठं, कुणाचा वाडा कुठं. तो नकाशा त्यांच्याकडूनच काढून घ्या आणि तसाच छापा.

किल्लारीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते हवंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर–धाराशिवच्या सीमेवर सुमारे दहा हजार माणसं गेली, ती मोठ्या प्रमाणात घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. हे घर वेड्या माणसानं बांधलेलं नव्हतं. मे महिन्यात तेच थंड राहतं. गळायला लागलं की दरवर्षी वर आणखी माती पडायची आणि छत जड होत जायचं. काही घरांत माळवद लाकडी खांबांवर पेललेलं होतं, तिथं भिंती ढासळूनही छत तगलं. पारंपरिक म्हणजे शहाणं असं जे पुस्तकभर सुचवत जायचा मोह होतो, त्याला हे प्रकरण लगाम घालील.

दंतकथा गाळू नका, पण वेगळ्या चौकटीत द्या: कुणी सांगितली, कुठल्या गावात. भुयारांच्या सगळ्या कथा खऱ्या धरल्या तर मराठवाड्याची चाळणी झालेली असायची.

पारिभाषिक शब्दांसाठी शासकीय कोशात डोकं घालण्याआधी चारीवरच्या पाटकऱ्याला विचारा. सांडवा, पाट, चारी, आवर्तन, बुडीत हे शब्द वाचकाला येतात. त्यांच्या जागी 'उत्सर्गमार्ग' लिहिलंत तर तो पान उलटतो. शेवटी स्थळसूची आणि विषयसूची दोन्ही द्या. मराठी प्रकाशक सूची वगळायला टपलेले असतात, करारातच लिहून घ्या. नकाशे स्वतः काढा किंवा परवानगीचे वापरा, इंटरनेटवरून उचललेल्या नकाशापायी छापलेली प्रत परत घ्यावी लागते.

सगळं हस्तलिखित पाठवू नका. आधी खडकाचं आणि तेरचं, अशी दोनच प्रकरणं लिहा, वालूरचा एक छेद काढा, आणि ते तुमच्या दहावीच्या वर्गातल्या एखाद्या पोराला वाचायला द्या. छेदाकडं बोट दाखवून पाणी वैशाखात कुठं असतं ते त्याला सांगता आलं, तर पुढची प्रकरणं याच पद्धतीनं लिहीत चला. नाही आलं तर आधी छेद दुरुस्त करा, मजकूर नंतर.